आधी शून्य, मग एक

कुठलंही काम क्रमानेच झालं पाहिजे, यावर टाइमटेबल सरांची इतकी श्रद्धा होती की दात घासतानासुद्धा ते डावीकडच्या वरच्या दाढेपासून निघत आणि उजवीकडच्या खालच्या दाढेला पोचत. मध्येच कोणी हाक मारली, तर पुन्हा डावीकडून सुरुवात. (त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. तिने एकदा त्यांना आपल्या खुर्चीत बसवून, जबडा उघडायला लावून सांगितलं होतं, "डावी बाजू पार झिजवून टाकलीयस. रोज मध्येच हाका कोण मारतं तुला?" मग तिलाच आठवलं की हाका तीच मारते, आणि विषय तिथेच संपला.)

शाळेत सर भूगोल शिकवायचे, पण भूगोलासाठी त्यांना कोणी ओळखत नसे. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक ते एकहाती बनवत. प्रयोगशाळेत दोन वर्ग एकदम घुसू नयेत, पीटीच्या तासाला मैदान मोकळं असावं, गणिताच्या सरांना जेवणानंतर लगेच तास नसावा (ते फळ्याकडे तोंड करून झोपतात), हे सगळं सांभाळून तो कागद भिंतीवर चिकटला की सर दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की पीटीच्या सरांना वाटे आपण उगाच मध्ये उभे आहोत, जरा बाहेर जावं. तर असं त्यांना टाइमटेबल सर हे नाव पडलं होतं. घरात मात्र ते नुसते 'बाबा' होते, आणि तिथलं वेळापत्रक त्यांना कोणी विचारत नसे.

त्यांच्या मुलीला दूरच्या शहरात कॉलेजला प्रवेश मिळाला, तेव्हाची ही गोष्ट. सुट्टी संपली की ती हॉस्टेलला जाणार होती. एका संध्याकाळी चहा पिताना ती कप फिरवत म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी माझ्याबरोबर 'आभाळटपाल' बघशील?"

सरांनी कप खाली ठेवला.

'आभाळटपाल' हे नाव मुलीनेच दिलेलं. मूळ जपानी नाव सरांनी एकदाच उच्चारून बघितलं होतं, तेव्हा बायकोने काळजीने "जीभ दाखव बरं" म्हटलं होतं. ढगांत तरंगणारी बेटं, त्यांच्यामध्ये फुग्यांतून जाणारं टपाल, आणि हरवलेल्या बापाचा शोध घेत टपालात नोकरीला लागलेली एक निळ्या केसांची मुलगी, अशी ती कथा. मुलीच्या जन्माच्या आधीपासून चाललेली. एक मालिका, मग दुसरी, मग सिनेमे, मग पहिलीच गोष्ट पुन्हा नव्याने सांगणारी तिसरी मालिका, शिवाय अधूनमधून काढलेले विशेष भाग. मुलगी लहानपणापासून हे सगळं पारायण केल्यासारखं बघत आली होती. आणि सर हॉलमधून जाताना प्रत्येक वेळी म्हणत आले होते, "अजून ते कार्टून चालूच?" ती म्हणायची, "कार्टून नाही बाबा, ॲनिमे." सर म्हणायचे, "तेच ते."

आता तीच मुलगी स्वतःहून विचारत होती. सरांना भरून आलं. ते म्हणाले, "बघू की! पण कुठल्या क्रमाने?"

"जसं आलं तसं. पहिल्या मालिकेचा पहिला भाग, मग दुसरा. सोपं आहे."

"म्हणजे कथेत जे आधी घडतं ते आधी, असं नाही?"

"अजिबात नाही. तसं बघितलं तर सगळी मजा जाते. तू फक्त सोफ्यावर बस बाबा. बाकी मी बघते."

सर "बरं" म्हणाले. पण आयुष्यात त्यांनी ज्या ज्या गोष्टीला तोंडाने "बरं" म्हटलं होतं, तिच्यावर त्यांचं मन नंतर अपील करत असे. शिवाय मुलीसमोर बावळटासारखे प्रश्न विचारायची वेळ येऊ नये, अशीही एक आतली धास्ती होती. तेव्हा थोडी पूर्वतयारी करावी, एवढंच त्यांनी ठरवलं. (या 'एवढंच'नेच पुढचं सगळं केलं.)

त्यांनी नेटवर शोधलं. तर क्रम या विषयावर जगात युद्ध पेटलेलं. एक पक्ष म्हणे, जसं आलं तसंच. दुसरा म्हणे, तिसरी मालिका आधी. कोणी म्हणे, सिनेमे बघणारा माणूस खरा चाहताच नव्हे. सरांनी भीतभीत, अत्यंत सभ्य भाषेत विचारलं, "नवख्याने कोणता क्रम पाळावा? मार्गदर्शन करावे." चहा गार व्हायच्या आत दोन अनोळखी माणसं एकमेकांची लायकी काढू लागली आणि तिसऱ्याने सरांना 'काका, तुम्ही झोपा' असा सल्ला दिला. सरांनी फोन उलटा ठेवला. आपणच आपली बुद्धी वापरलेली बरी.

रविवारी बायको मैत्रिणीकडे गेलेली, मुलगी गाडी शिकायला गेलेली. सरांनी टीव्ही लावला आणि सगळी यादी खालपासून वरपर्यंत नीट तपासली. विशेष भागांच्या कोपऱ्यात त्यांना एक रत्न सापडलं. 'भाग शून्य.'

सर स्वतःशीच हसले. शून्यानंतर एक येतो, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मुलगी हुशार, पण घाईची. सरळ एकवर उडी मारायला निघाली होती! त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

भाग शून्य तासाभराचा होता आणि सर त्यात बुडून गेले. निळ्या केसांची मुलगी वादळात सापडते. एक मुखवटा घातलेला पोस्टमास्तर तिला वाचवतो. आणि अगदी शेवटी, ढग फाटून ऊन आलेलं असताना, तो मुखवटा काढतो, तर तो तिचा हरवलेला बाप! मुलगी धावत त्याच्या गळ्यात पडते. इकडे सरांच्या डोळ्यांतून धारा. एका बापाला दुसऱ्या बापासाठी जेवढं रडता येईल तेवढं रडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दारात सासूबाई उभ्या आहेत.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. दुपारची झोप झाली की त्या घरात काय चुकतंय ते बघायला बाहेर पडत.

"जावईबापू, कोणी गेलं का?"

"नाही हो आई. हे... हे बघत होतो."

"चित्रं बघून रडताय?" सासूबाईंनी चष्मा लावला. "मग चांगलंच असणार. लावा पुन्हा सुरुवातीपासून."

"आई, हळू बोला. तिला कळता कामा नये, मी आधी बघितलंय ते."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर ताबडतोब व्यवहार उमटला. "नाही सांगणार. पण मला टीव्हीवर हे लावायचं कसं, ते शिकवा. मी आपली पहिल्यापासून बघेन. ते शून्यबिन्य मला नको. शून्याला काय बघायचं?"

(पुढे सरांना हे वाक्य फार आठवलं.)

त्या संध्याकाळपासून बापलेकीचं बघणं सुरू झालं. सासूबाई शेजारच्या खुर्चीत. दातांच्या डॉक्टर पेपर वाचत, आणि कोणी मोठ्याने हसलं तर तेवढ्यापुरती मान वर करून त्याच्या दातांकडे बघत. सरांना वाटलं होतं त्यापेक्षा प्रकरण कितीतरी गोड निघालं. विशेषतः टपालाची मुख्य असलेली म्हातारी. जांभळे केस, डोळ्यांवर केवढा तरी गॉगल, तोंडाने सतत खेकसणं, आणि कुठला फुगा कुठल्या वाऱ्याला कुठल्या बेटावर जाईल याचं सगळं वेळापत्रक तिच्या डोक्यात. सरांना पडद्यावर प्रथमच आपल्या व्यवसायातलं कोणी भेटलं होतं. म्हातारी पोरांवर ओरडली की सर मान डोलवायचे, "बरोबर आहे तिचं. वेळ म्हणजे वेळ."

मुलगी हसायची. तिला असं हसताना सरांनी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. तिचे बोलण्याचे दरवाजेच उघडले. हॉस्टेलची भीती वाटते, हे तिने बापाला पहिल्यांदा सांगितलं ते टीव्हीकडे बघत, दोन भागांच्या मध्ये.

फक्त एकच पंचाईत होती. सुरुवातीच्या गाण्यात तो मुखवटेवाला क्षणभर दिसायचा, आणि सरांच्या पोटात ते गुपित मावत नसे. ते मुद्दाम डोकं खाजवत म्हणायचे, "हा मुखवटेवाला कोण असेल बुवा? याच्या चालण्यात मला काहीतरी... बापाची माया दिसते."

मुलगी त्यांच्याकडे जरा विचित्र बघायची. "चालण्यात?"

"अनुभव असतो ना माणसाला."

"थांब तू," ती हात चोळत म्हणायची. "तो भाग येऊ दे. इतकी वर्षं मी वाट बघतेय, कोणीतरी पहिल्यांदा बघताना त्याचं तोंड बघायचंय मला. आई बघत नाही, मैत्रिणींना आधीच माहीत होतं. तू एकटाच कोरा सापडलायस."

'कोरा' हा शब्द सरांना काट्यासारखा लागला. त्या रात्री आरशासमोर उभं राहून त्यांनी चकित होण्याचा सराव केला. बायकोने बाथरूमच्या दारातून विचारलं, "दाढ दुखतेय का?"

इकडे सासूबाईंना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. संध्याकाळी सगळ्यांबरोबर बघायचे भाग त्या दुपारीच एकट्या बघून टाकत. म्हणजे त्या कायम सगळ्यांच्या अर्धा दिवस पुढे. आणि पुढे गेलेल्या माणसाचं दुःख हे, की बोलायला कोणी नसतं.

शनिवारी सर स्टाफरूममध्ये बसून सुट्टीनंतरच्या वेळापत्रकाचा कच्चा कागद मांडत होते. समोर मुख्याध्यापिका मॅडम, बाजूला पीटीचे सर. फोन वाजला. घरचा नंबर.

"जावईबापू..." पुढे नुसता हुंदका.

"काय झालं? रडू नका. नीट सांगा."

"म्हातारी गेली हो!"

सर ताडकन उभे राहिले. "गेली? म्हणजे... कशी गेली?"

"वादळात. मेला तो फुगा फुटला. पोरं नको नको म्हणत होती, तरी शेवटची पत्रं घेऊन गेली. एक चप्पल तेवढी परत आली."

"चप्पल!" सर मटकन खाली बसले. "आणि बॉडी? सापडलीच नाही? ... नको, पुढचं सांगू नका. मला ऐकवणार नाही. मी घरी येऊन बघतो."

फोन ठेवला. मॅडमनी चष्मा काढला. मॅडम चष्मा फक्त निकालाच्या दिवशी आणि कोणी गेल्यावर काढत.

"सर, कोण गेलं?"

आता इथे सरांना खरं बोलायची उत्तम संधी होती. 'कार्टूनमधली म्हातारी गेली' एवढं एकच वाक्य. पण पीटीच्या सरांचा दणकट हात खांद्यावर पडला होता, आणि वयाने एवढा मोठा माणूस रंगवलेल्या म्हातारीसाठी रडतोय, हे त्या हाताखालून सांगणं कठीण होतं. ते म्हणाले, "घरातलीच... म्हातारी."

"अरेरे! आजारी होत्या?"

"नाही हो. कामावर होत्या."

"या वयात?"

"शेवटपर्यंत," सर म्हणाले, आणि त्यांना खरंच रडू फुटलं.

"तुम्ही घरी जा," मॅडम उठून म्हणाल्या. "वेळापत्रकाचं काय ते मी बघते."

वेळापत्रक दुसऱ्याच्या हाती सोडून सर निघाले, यावरूनच सगळ्यांनी ओळखलं की धक्का मोठा आहे.

घरी जाऊन त्यांनी काय केलं? सासूबाईंच्या शेजारी बसून तो भाग बघितला. दोघं मिळून रडली. संध्याकाळी मुलीबरोबर तोच भाग पुन्हा बघितला, पुन्हा रडले, आणि हे रडणं सराव न करता आलं. मुलीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मीही अशीच रडले होते," ती म्हणाली. सरांना वाटलं, आत्ताच्या आत्ता सगळं कबूल करावं. पण तेवढ्यात जेवायला हाक आली.

रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दातांच्या डॉक्टर कोणाच्या तरी अचानक सुजलेल्या गालासाठी दवाखान्यात गेलेल्या. सर आत कपडे वाळत घालत होते. दार सासूबाईंनी उघडलं. बाहेर मॅडम, पीटीचे सर आणि चित्रकलेच्या बाई, चेहरे पाडून. हातात सफरचंदांची करंडी.

मॅडमनी सासूबाईंना आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हलकेच त्यांचे दोन्ही हात धरले. "कालच कळलं. फार वाईट झालं हो."

सासूबाईंना भरून आलं. आपलं दुःख कोणालातरी समजलं! "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सरांनी. तुम्ही त्यांच्या..."

"मी सासू. या, बसा ना. काय सांगू तुम्हाला, असं माणूस पुन्हा होणे नाही."

सगळे सोफ्यावर टेकले. पीटीच्या सरांनी आवाज शक्य तितका लहान केला. "कामावर असताना गेल्या म्हणे?"

"अहो, टपालात होती ना. सगळं ऑफिस तिच्या एकटीच्या जिवावर. तोंडाने फटकळ, पण कोणाचं पत्र एक दिवस उशिरा जाऊ दिलं नाही. परवाही पोरं म्हणत होती, आजी, वारं वाईट आहे. ऐकेल तर शपथ! गेली पिशवी उचलून."

"आणि मग?" चित्रकलेच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"मग काय! चप्पल आली परत."

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आवाज ऐकून सर हातात ओला टॉवेल घेऊन बाहेर आले आणि दारातच थिजले. पळावं म्हटलं तर मागे फक्त बाल्कनी होती, आणि त्यांच्याकडे फुगा नव्हता.

पीटीचे सर त्यांना बघून उभे राहिले, मिठी मारली, टॉवेलसकट. मग भिंतींकडे बघत म्हणाले, "सर, त्यांचा एखादा फोटो नाही का लावलेला? दर्शन घेतलं असतं."

"हा काय!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिमोट उचलला.

टीव्ही उजळला. जांभळे केस, केवढा तरी गॉगल, पाठीवर टपालाची पिशवी. म्हातारी फुग्यातून सगळ्यांकडे बघून खेकसत होती.

मॅडमनी पर्समधून चष्मा काढून चढवला. टीव्हीकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. सर टॉवेल पिळू लागले. तो आधीच पिळलेला होता.

"सर," मॅडम म्हणाल्या, "ही तुमच्या घरातली म्हातारी?"

"म्हणजे... घरातच असते, मॅडम. टीव्हीत."

"आणि यासाठी तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा घेतलीत?"

"मी घेतली नाही, मॅडम. तुम्ही दिलीत."

हे ऐकून मॅडमचं नाक लाल झालं. तेवढ्यात आवाजाने मुलगीही बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. काहीतरी गोड बोलून मॅडमचा राग उतरवावा म्हणून सरांनी जे तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पुढे सगळं छान होतं. तो मुखवटेवाला पोस्टमास्तर येतो ना, तो त्या पोरीचा बापच असतो!"

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो.

मुलगी सावकाश सरळ उभी राहिली. "बाबा, तुला कसं माहीत?"

"अंदाज..."

"बाबा."

मॅडम, पीटीचे सर, चित्रकलेच्या बाई, सासूबाई सगळे बघत होते. सरांनी मान खाली घातली. "मी आधीच बघितलं गं. तू गाडी शिकायला गेलेलीस तेव्हा. तुझ्यासमोर बावळट ठरू नये म्हणून. भाग शून्य होता ना, म्हटलं, शून्य आधी... मला माफ कर. तुला माझं तोंड बघायचं होतं, आणि मी..." मुलगी दोन आठवड्यांत जाणार, आणि तिने मागितलेली एकुलती एक गोष्ट आपण वाया घालवली. घरची चादर चोरून विकल्यासारखं त्यांना वाटलं.

मुलीने पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. सरांनी पुढे होऊन हात लावायला घेतला, तर ती झटकन बाजूला झाली, आणि चेहरा न दाखवता म्हणाली, "आलाच आहात तर बसा सगळे. म्हातारीचा शेवट तरी नीट बघून जा."

"आम्ही निघतो," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम," पीटीचे सर हळूच म्हणाले, "पण ती चप्पल कशी सापडली, ते बघून गेलो असतो."

मॅडम बसल्या, पण सोफ्याच्या अगदी कडेवर, बसलेलं मोजलं जाऊ नये अशा. फुगा वादळात शिरला तेव्हा त्या थोड्या मागे सरकल्या. चप्पल आली तेव्हा पूर्ण टेकल्या होत्या आणि चित्रकलेच्या बाईंचा पदर त्यांनी आपल्याकडे ओढून घेतला होता. भाग संपल्यावर नाक पुसून त्या भरल्या आवाजात म्हणाल्या, "सर, ती रजा मंजूर. पुढचा लाव गं."

पुढचा लागला. मग त्याच्या पुढचा. ऑफिसात नवा पोस्टमास्तर आला, मुखवटा घालून. मध्ये चहा झाला, बिस्किटं झाली, बाहेर उन्हं कलली. सगळे तर्क लढवत होते. सर मात्र एकटेच खुर्चीत, मागे रेलून, सर्वज्ञ माणसाच्या थकलेल्या चेहऱ्याने बसले होते. पीटीच्या सरांनी "हा त्या टोळीचाच माणूस दिसतो" म्हटलं की सर डोळे मिटून मंद हसत. (पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण आपल्याला उत्तर माहीत आहे हा आनंद पश्चात्तापातसुद्धा थोडी जागा करून घेतो.)

आणि तो क्षण आला. ढग फाटले. निळ्या केसांची मुलगी ओरडली, "तुम्ही आहात तरी कोण?" पोस्टमास्तराने दोन्ही हात मुखवट्याला लावले. सरांनी मनातल्या मनात 'बाबा' म्हटलं.

मुखवटा निघाला. आतून जांभळे केस सुटले.

"म्हातारी!!"

ही किंकाळी टाइमटेबल सरांची होती. ते खुर्चीतून उडाले, त्यांचा गुडघा करंडीला लागला, सफरचंदं हॉलभर गडगडली. त्यांचं तोंड इतकं उघडलं होतं, डोळे इतके बाहेर आले होते, की आरशासमोर महिनाभर सराव करूनही ते जमलं नसतं. "अगं ही जिवंत आहे! आई, ही जिवंत आहे! अहो मॅडम! पण बाप? बाप कुठे गेला?"

सासूबाई टाळ्या पिटत होत्या. मॅडम पीटीच्या सरांचा दंड धरून उभ्या होत्या. नेमक्या त्याच वेळी दातांच्या डॉक्टर दार उघडून आत आल्या, उघड्या तोंडांची ती रांग बघितली, आणि म्हणाल्या, "कोणाकोणाची दाढ दुखतेय?"

मुलगी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती मघाशीच जाऊन टीव्हीच्या बाजूला, बापाच्या अगदी समोर जमिनीवर बसली होती. दोन्ही हातांनी पोट धरून ती हसत होती आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बाबा," दम लागत ती म्हणाली, "भाग शून्य गंमत म्हणून काढलाय रे त्यांनी. वर्धापनदिनाला. त्यात सगळं मुद्दाम उलटं केलंय. तो खोटा आहे! तो सगळ्यात शेवटी बघतात, तोही बघितला तर."

"खोटा?" सर खाली बसले. खुर्ची होती तिथे नव्हती, ते सफरचंदावर बसले. "मी खोट्यासाठी रडलो?"

"तुला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. कोराच्या कोरा होतास तू!" आणि तिने येऊन त्यांच्या गळ्याला जी मिठी मारली, तिच्यासाठी सर आणखी दहा सफरचंदांवर बसायला तयार होते.

मॅडमनी जाताना दारात विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

त्या प्रश्नातच सरांचं भवितव्य ठरलं होतं, पण त्यांना ते कळलं नाही. मुलगी जाईपर्यंत दोन रविवार झाले. ती गेली, तरी मंडळी येतच राहिली. आधी तिघं होती, मग गणिताचे सरही आले (ते टीव्हीकडे तोंड करून जागे राहतात, हे शाळेला नवीनच कळलं). सासूबाई सोफ्याच्या मधोमध, मॅडम त्यांच्या शेजारी. कुठल्या मालिकेनंतर कुठली, हे मुलगी फोनवरून सांगे आणि सासूबाई अमलात आणत. सरांनी एकदा घसा साफ करून "माझ्या मते दुसरा सिनेमा आधी..." अशी सुरुवात केली होती, तेव्हा पाच माणसं एकदम म्हणाली, "तुम्ही बसा."

हॉस्टेलला गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. सरांनी त्यासाठी केस विंचरले होते, इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिला काय काय विचारायचं ते मनात नीट क्रमाने लावून ठेवलं होतं. आधी तब्येत, मग खोली, मग मेस, मग अभ्यास. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला. लेकीचं तोंड दिसलं आणि त्यांचा क्रम पार विस्कटला.

"बाळा..."

"बाबा, आजी कुठेय? आणि मॅडम आल्यात का? दुसऱ्या मालिकेचा शेवट बघितला त्यांनी? फिरव ना जरा फोन."

सरांनी फोन फिरवला. आणि मग तिथे जो गलका उठला, तो उठला. मॅडम सांगतायत, सासूबाई मध्येच तोडतायत, पीटीचे सर उभे राहून फुगा कसा वळला ते करून दाखवतायत, तिकडून मुलगी खिदळतेय. सर टेबलाच्या पलीकडे हात लांब करून उभे होते. हात भरून आला तर त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. फोनच्या मागच्या बाजूने लेकीचं हसणं फार छान ऐकू येत होतं.

मध्येच ती थांबली आणि मायेने म्हणाली, "बाबा?"

सरांनी मान वाकडी करून, होईल तेवढं स्वतःला पडद्यात आणायचा प्रयत्न केला. "हां, बोल बाळा. बोल."

"फोन जरा वर धर ना. मॅडमच्या तोंडावर तुझा अंगठा येतोय."